ना-हरकत

सिव्हिल लाइन्स, कोर्टाच्या भिंतीला लागून
कडुनिंबाखाली माझं टेबल. बावीस वर्षं.
मीटरसाठी ना-हरकत, गाळ्यासाठी ना-हरकत,
शेजाऱ्याच्या बोअरवेलला,
बहिणींनी भावाला लिहून दिलेली.
हा शब्द इतका टाइप केलाय
की बोटं मला न विचारता तो उमटवतात.

आज गिऱ्हाईक मीच.
समोर स्टुलावर बायको,
सावजी भोजनालयातून दोन तासांची सुटी काढून,
नखांत वाटणाचा मसाला,
म्हणून पाचशेचा स्टॅम्प
पदराच्या टोकानं धरलेला.
इंग्रजी प्रत व्हिसासाठी.
मराठी मी हिच्यासाठी करतोय,
वाचल्याशिवाय ही सही करत नाही,
लग्नातही केली नव्हती.

मी, गुणवंत धकाते, वय सत्तेचाळीस,
राहणार गोळीबार चौक, नागपूर,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
माझी अज्ञान मुलगी कुमारी तेजल, वय चौदा –

अज्ञान.
कायद्याचा शब्द आहे, माझा नाही.
काल रात्री हीच अज्ञान
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता
मला व्हिसाचा फॉर्म समजावत होती,
आणि मी दोनदा म्हणालो, पुन्हा सांग.

– ही सॉफ्टबॉल चमूसोबत तैपेई येथे,
क्रीडा शिक्षिका फरहीन शेख यांच्या देखरेखीखाली,
अकरा दिवसांकरिता जात असून
तिच्या प्रवासास आमची कोणतीही

इथं बोटं थांबली.

हरकत आहे ना.
तिला कूलरच्या घरघरीशिवाय झोप येत नाही.
धुळीनं छाती भरते, पंप दप्तराच्या कुठल्या कप्प्यात
हे फक्त हिला माहीत.
तिनं समुद्र पाहिलेला नाही. आम्हीही नाही.
हे शहर देशाच्या असं मधोमध
की समुद्र इथून कुठूनही गाठा, लांबच.
आणि ही पोरगी पहिल्यांदा बघणार
तोही खिडकीतून, वरून, पंख्याएवढ्या ढगांखाली,
बाजूच्या सीटवर भलतंच कुणी.
झिरो माइलच्या दगडावर
तैपेई किती कोस ते कोरलेलं नाही.

पण मजकुरात हरकतींसाठी जागा नसते.
एक ओळ असते. तीत नाही म्हणायचं असतं.

प्रिंट निघाली. बायकोनं बोट ठेवून वाचली,
शेवटाला थांबली.
"हे का लिवलं?"
पाहिलं तर –
तिच्या प्रवासास आमची कोणतीही हरवत नाही.

बावीस वर्षांत पहिली चूक.
शेजारच्या टेबलावरचा मौंदेकर हसला,
"धकाते, म्हातारा झाला भाऊ तू."
मी दुरुस्त केलं. क टाकला. पुन्हा काढली.
खाली नेहमीचं: वरील मजकूर खरा व बरोबर असून
खोटा आढळल्यास शिक्षेस पात्र राहू.
मी सही केली.
माझ्या माहितीप्रमाणे तो खोटा आहे.

तिनं पेन घेतलं, ठेवलं.
"सही केली का मंग
तिले वापस देतीन नं?"
नोटरीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
अशा प्रश्नाला शिक्का नसतो त्यांच्याकडे.
मी म्हणालो, "जामीन नाही गं हा. परवानगी आहे."
"तेच तं विचारून रायली," ती म्हणाली,
आणि सावकाश, एकेक अक्षर,
वेलांटीला फाटा फुटू न देता,
नाव लिहिलं.

शिक्का अर्धा उमटला, अर्धा शाईत बुडाला.
चालतो, म्हणाले साहेब.

चुकीची प्रत मी चुरगाळणार होतो.
तिनं हात पुढे केला.
"ते राहू द्या माह्याजवळ."
चौघडी घातली,
ब्लाऊजमध्ये, पैशांच्या बटव्यापाशी ठेवली,
आणि भोजनालयाला उशीर झाला म्हणत
ऑटोच्या दिशेनं निघाली, ऊन न बघता.

स्टुलावर लगेच दुसरा बसला,
कपाळ पुसत.
"काका, ना-हरकत पायजे. गच्चीच्या टॉवरसाठी."

बसा, म्हणालो.
नाव सांगा.